नौरू आणि बोलिव्हिया : खताच्या गोणीतला इतिहास

या मालेत आपण दोन-दोन देश समोरासमोर ठेवून इतिहास वाचतो आहोत. आजची जोडी अगदीच विजोड वाटेल. एका बाजूला नौरू. प्रशांत महासागरात विषुववृत्ताच्या जरा दक्षिणेला असलेलं एक बेट, क्षेत्रफळ २१ चौरस किलोमीटर, वस्ती सुमारे बारा हजार. गाडीने सगळ्या देशाला प्रदक्षिणा घालायला अर्धा तास पुरतो. दुसऱ्या बाजूला बोलिव्हिया. दक्षिण अमेरिकेच्या पोटात, चारही बाजूंनी जमिनीने वेढलेला, म्हणजे भूवेष्टित देश. क्षेत्रफळ सुमारे १० लाख ९८ हजार चौरस किलोमीटर. म्हणजे बोलिव्हियात साधारण ५२ हजार नौरू मावतील. तिथे उयुनी नावाचं एक मिठाचं मैदान आहे, त्या एका मैदानातच पाचशे नौरू बसतात.

मग यांची तुलना का करायची? भूगोलाच्या पुस्तकात दोघांची दुःखं वेगळी सांगितलेली असतात. एक फार लहान आणि फार दूर, दुसरा मोठा पण समुद्राविना. आपण आज बघणार आहोत की या दोघांच्या इतिहासाच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, आणि ती काही फार देखणी नाही. खत. शेतात टाकायचं खत.

एकोणिसाव्या शतकात युरोपची लोकसंख्या वाढत होती आणि जमीन थकत होती. शेणखत, लेंडीखत, हाडांचा चुरा हे सगळं कमी पडायला लागलं. तेव्हा पेरूच्या किनाऱ्याजवळच्या चिंचा बेटांवर पक्ष्यांच्या विष्ठेचे डोंगर आहेत आणि ते उत्तम खत आहे, हे युरोपच्या ध्यानात आलं. इंका लोकांना ते आधीपासून ठाऊक होतं. 'ग्वानो' हा शब्दच मुळी त्यांच्या केचुआ भाषेतून आलेला. पेरूचं सरकार काही दशकं या विष्ठेवर चाललं, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. ग्वानो संपत आला तसं लक्ष गेलं शेजारच्या आटाकामा वाळवंटाकडे. तिथे जमिनीत सोरा होता. आपल्याकडचा सोरा म्हणजे पोटॅशियमचा, हा सोडियमचा. पण काम तेच. शेतात टाकला तर पीक येतं, कारखान्यात नेला तर स्फोटकं होतात.

या वाळवंटाचा मधला तुकडा तेव्हा बोलिव्हियाचा होता. हो, बोलिव्हियाला समुद्र होता! १८२५ साली देश स्वतंत्र झाला तेव्हापासून त्याच्याकडे प्रशांत महासागराचा किनारा होता, कोबिखा नावाचं बंदर होतं, आणि पुढे अंतोफगास्ता हे गाव उभं राहिलं. पण इथे थोडं थांबायला हवं, कारण बोलिव्हियातल्या शाळांत हा भाग जितका सरळ शिकवला जातो तितका तो सरळ नाही. देशाची माणसं राहायची उंच पठारावर, ला पाझ, पोतोसी, सुक्रे या भागात. तिथून कोबिखाला जायचं म्हणजे अँडीज उतरून, जगातलं सर्वांत कोरडं वाळवंट तुडवत, खेचरांच्या तांड्याबरोबर जायचं. त्यामुळे बोलिव्हियाचा बहुतेक व्यापार पेरूच्या आरिका बंदरातूनच व्हायचा. स्वतःचा किनारा नकाशावर, व्यवहार दुसऱ्याच्या बंदरातून. अंतोफगास्तात सोरा निघायला लागला तेव्हा भांडवल आलं चिलीचं आणि इंग्रजांचं, मजूर आले चिलीचे. गाव बोलिव्हियाचं, गावात बहुसंख्य माणसं चिलीची. सरकारचा तिथे एक अधिकारी, थोडे पोलीस, एवढंच. किनारा होता पण तो देशाला जोडलेलाच नव्हता, हे आपण ध्यानात ठेवू या.

१८७४ साली दोन्ही देशांचा करार झाला : बोलिव्हियाने चिलीच्या कंपन्यांवर २५ वर्षं कर वाढवायचा नाही. त्यानंतर १८७७ मध्ये भूकंप आणि त्सुनामीने किनारपट्टी झोडपली, १८७८ मध्ये दुष्काळ पडला. तिजोरी रिकामी. तेव्हा बोलिव्हियाच्या संसदेने अंतोफगास्ताच्या सोरा कंपनीवर कर बसवला, क्विंटलमागे दहा सेंताव्हो. हा त्यांचा क्विंटल, साधारण ४६ किलोचा. दहा सेंताव्हो म्हणजे आपण म्हणू दहा पैसे. कंपनी म्हणाली, हा करारभंग आहे, देत नाही. राष्ट्राध्यक्ष इलारिऑन दासा म्हणाला, देत नसाल तर कंपनी जप्त करून लिलाव. लिलावाचा दिवस ठरला १४ फेब्रुवारी १८७९. त्याच दिवशी चिलीचे सैनिक अंतोफगास्ताला उतरले. संख्या किती? दोनशेच्या आसपास. विरोध करायला कोणी नव्हतंच.

एक कथा सांगतात की ही बातमी दासाला कळली होती, पण कार्निव्हलचा उत्सव चालू असल्यामुळे त्याने ती खिशात ठेवली. ही कथा ऐकायला छान आहे, इतिहासकार मात्र तिच्याबद्दल शंका घेतात. हरलेल्या देशांना अशा कथा लागतात. सगळा दोष एका माणसाच्या खिशात घालता येतो.

पुढचं युद्ध थोडक्यात सांगू. पेरूचा बोलिव्हियाशी १८७३ चा गुप्त करार होता, म्हणून तोही ओढला गेला. २३ मार्च १८७९ ला कालामाजवळ एदुआर्दो आबारोआ नावाचा एक नागरिक मूठभर लोकांसह लढताना मारला गेला. बोलिव्हियात आजही २३ मार्च हा 'समुद्र दिन' आहे. मे १८८० मध्ये ताक्नाजवळ मोठा पराभव झाला आणि बोलिव्हिया रणांगणातून बाजूला झाला. १८८४ ला युद्धविराम. आणि मग १९०४ चा तह. हा तह फार महत्त्वाचा आहे, कारण पुढे हेगच्या न्यायालयात सगळं गाडं इथेच अडलं. या तहाने बोलिव्हियाने किनारा कायमचा चिलीला दिला. बदल्यात चिलीने आरिका ते ला पाझ रेल्वे बांधायची, आणि बोलिव्हियाच्या मालाला चिलीच्या बंदरांतून कायम मोकळी वाट द्यायची. रेल्वे १९१३ मध्ये सुरू झाली. तेव्हा म्हणे देशाला श्वास घ्यायला जागा मिळाली. पण श्वास दुसऱ्याच्या नाकाने.

आणि गंमत बघा, ज्या सोऱ्यासाठी हे सगळं झालं त्याचं काय झालं? जर्मनीत हाबर आणि बॉश यांनी हवेतल्या नायट्रोजनपासून खत करण्याची रीत काढली, १९१३ मध्ये कारखाना सुरू झाला. पहिल्या महायुद्धानंतर चिलीच्या सोऱ्याचं राज्य कोसळलं. वाळवंटातली गावं ओस पडली. सोरा गेला, किनारा चिलीकडे राहिला.

आता आपण नौरूकडे वळू. नायट्रोजन हवेतून काढता येतो, पण फॉस्फरस नाही काढता येत. तो खडकातच शोधावा लागतो. आपल्याकडे शेतकरी ज्याला नुसतं 'सुपर' म्हणतो, ते सुपर फॉस्फेट काय किंवा डीएपी काय, त्याच्या मुळाशी हा खडक आहे आणि आपणही तो बहुतांशी बाहेरूनच आणतो.

नौरूजवळून १७९८ साली एक इंग्रज कप्तान, जॉन फर्न, गेला तेव्हा त्याने बेटाला नाव दिलं 'प्लेझंट आयलंड', म्हणजे रम्य बेट. नारळ, हिरवळ, होड्यांतून आलेली हसतमुख माणसं. १८८८ मध्ये जर्मनीने बेट ताब्यात घेतलं. खोबऱ्यापलीकडे तिथे काही आहे असं कोणाला वाटत नव्हतं. सिडनीतल्या एका व्यापारी कंपनीच्या कचेरीत नौरूहून आणलेला एक दगड दार उघडं राहावं म्हणून टेकण लावलेला असे. सगळे म्हणायचे, हे लाकूड दगड झालेलं आहे. अल्बर्ट एलिस नावाच्या तिथल्या नोकराला शंका आली, त्याने तपासून पाहिला. उत्तम दर्जाचा फॉस्फेट निघाला. हे १८९९-१९०० च्या सुमाराचं. १९०६-०७ पासून खणायला सुरुवात झाली. ज्याची जमीन खणली त्या नौरूवासीयाला टनामागे अर्धा पेनी मिळे.

१९१४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सैन्याने बेट घेतलं. युद्धानंतर १९१९ मध्ये ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी आपसात करार करून फॉस्फेट वाटून घेतला : ४२ टक्के, ४२ टक्के आणि १६ टक्के. बेरीज शंभर होते. नौरूच्या लोकांसाठी त्या बेरजेत जागाच नव्हती! आणि हे सगळं राष्ट्रसंघाच्या 'पवित्र विश्वस्तपणा'च्या नावाखाली. फॉस्फेट जगाच्या भावाने नव्हे, तर खर्च निघेल एवढ्या भावाने विकला जायचा. म्हणजे ऑस्ट्रेलियाचा गहू आणि न्यूझीलंडची कुरणं नौरूच्या जमिनीवर स्वस्तात पोसली गेली. त्यात शेतकऱ्याची काही चूक नाही, त्याला गोणी मिळत होती. पण अनुदान दिलं कोणी, हे कागदावर कुठेच लिहिलेलं नव्हतं.

या बेटाला चहूबाजूंनी समुद्र आहे, पण नैसर्गिक बंदर नाही. किनाऱ्याला प्रवाळाचा कट्टा, आणि त्याच्या पुढे एकदम अथांग खोली. जहाजाने नांगर टाकायचा म्हटलं तर नांगर तळाला पोचत नाही. मग खोल पाण्यात तरंगते बोये बांधून जहाजं त्यांना अडकवायची, आणि किनाऱ्यावरून समुद्रावर झेपावणाऱ्या प्रचंड लोखंडी हातांवरून पट्ट्याने माल ओतायचा, अशी सोय केली गेली. ती १९३० पासून चालू झाली. सोय कोणासाठी, हे सांगायला नको. माल बाहेर जायला रस्ता होता, माणसांनी ठरवून कुठे जायला नव्हता. बोलिव्हियाच्या आरिका रेल्वेची इथे आठवण येते. त्या बाजूला डोंगर, या बाजूला अथांग पाणी. पण वाट कोणी बांधली आणि तिची किल्ली कोणाकडे, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

नौरूच्या लोकांची संख्या एवढी कमी होती की समाज टिकेल का याचीच काळजी होती. १९२० च्या इन्फ्लुएन्झाने आणखी माणसं नेली. ठरलं की दीड हजारांचा आकडा गाठला तर आपण टिकलो. २६ ऑक्टोबर १९३२ ला तो आकडा गाठणारं बाळ जन्माला आलं आणि तो दिवस 'अंगाम' म्हणून सण झाला. अंगाम म्हणजे घरी परतणं. आणि दहा वर्षांत पुन्हा तेच. ऑगस्ट १९४२ मध्ये जपानने बेट घेतलं. ३९ कुष्ठरुग्णांना होडीत घालून समुद्रात मारलं. १,२०० नौरूवासीयांना दीड हजार किलोमीटरहून दूर ट्रुक बेटांवर मजुरीला नेलं. त्यातले ७३७ जिवंत राहिले. ते ३१ जानेवारी १९४६ ला परत आले. बावीस वर्षांनी, १९६८ मध्ये देश स्वतंत्र झाला, तेव्हा स्वातंत्र्याचा दिवस मुद्दाम हाच निवडला गेला.

स्वातंत्र्याआधी एक प्रस्ताव आला होता, त्याबद्दल बोलायलाच हवं. ऑस्ट्रेलियाने म्हटलं, फॉस्फेट संपल्यावर तुमचं बेट राहण्याजोगं उरणार नाही, तेव्हा क्वीन्सलँडच्या किनाऱ्याजवळचं कर्टिस बेट तुम्हाला देतो, तिथे या, ऑस्ट्रेलियाचे नागरिक व्हा. बेट नौरूच्या कितीतरी पट मोठं. १९६४ मध्ये नौरूने नाही म्हटलं. हॅमर डीरोबर्ट हे त्यांचे नेते, पुढे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांचा मुद्दा असा की घर मिळेल पण राज्य मिळणार नाही. आमच्या मते हा या सगळ्या कथेतला सर्वांत विचार करायला लावणारा निर्णय आहे. व्यवहार बघितला तर चुकीचा. पण कर्टिसला गेले असते तर आज नौरू नावाचा देश नसता, आणि पुढे जे घडलं त्यातलं काहीच घडू शकलं नसतं.

स्वतंत्र नौरूने २ कोटी १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरना फॉस्फेटचा कारभार विकत घेतला, १९७० मध्ये तो पूर्ण ताब्यात आला. पुढची कहाणी तुम्हांपैकी अनेकांनी कुठेतरी वाचली असेल, तेव्हा फार रेंगाळत नाही. दरडोई उत्पन्नात जगात वरच्या पायरीवर, मेलबर्नमध्ये ५२ मजली नौरू हाउस, स्वतःची विमान कंपनी, लंडनमध्ये लिओनार्दो दा विंचीवरच्या संगीत नाटकात गुंतवलेले आणि बुडालेले पैसे. मग ऱ्हास. २००४ मध्ये इमारत विकली गेली, २००५ मध्ये शेवटचं विमान जप्त झालं. मधुमेह घरोघरी. २००१ पासून ऑस्ट्रेलियाने आश्रय मागणाऱ्यांना तिथे ठेवायला सुरुवात केली आणि त्या छावणीचं भाडं हा उत्पन्नाचा मार्ग झाला. ही कहाणी सांगणारे बहुतेक जण हसत हसत सांगतात, मूर्ख श्रीमंताची गोष्ट म्हणून. ते हसणं आम्हाला पटत नाही. उधळपट्टी खरी आहे, आणि बेटाचा मोठा भाग स्वतंत्र सरकारनेच खणला हेही खरं आहे. पण साठ वर्षं ज्यांना हिशेबाची वहीच दाखवली नाही, त्यांच्या हातात एकदम तिजोरी आली, हेही त्याच वहीत लिहायला पाहिजे. बेटाचा मधला भाग आज चुनखडीच्या सुळक्यांचं रान आहे. फॉस्फेट सुळक्यांच्या मधल्या खाचांत होता, तो काढून नेला, सुळके राहिले. देशाच्या जवळजवळ ऐंशी टक्के भूमीची ही अवस्था.

आता हेग. हे दोन्ही देश आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले, आणि आजच्या तुलनेचा गाभा इथे आहे.

नौरूने आधी एक चौकशी आयोग नेमला, त्याचे अध्यक्ष होते श्रीलंकेचे कायदेपंडित ख्रिस्तोफर वीरमंत्री. मग १९ मे १९८९ ला ऑस्ट्रेलियावर दावा. मागणी मर्यादित होती. १ जुलै १९६७ पूर्वी, म्हणजे तुम्ही विश्वस्त असताना, जी जमीन खणली, साधारण एक तृतीयांश, तेवढी पूर्ववत करून द्या. बाकीची आम्ही खणली, ती आमची जबाबदारी. ऑस्ट्रेलियाने बरेच आक्षेप घेतले. तिघं विश्वस्त होते, एकट्यावर दावा कसा, वगैरे. २६ जून १९९२ ला न्यायालयाने मुख्य आक्षेप फेटाळून खटला चालवायचं ठरवलं. (वीरमंत्री तोवर त्याच न्यायालयाचे न्यायाधीश झाले होते, अर्थातच ते या खटल्यात बसले नाहीत.) पुढची सुनावणी व्हायच्या आत, १९९३ मध्ये ऑस्ट्रेलियाने तडजोड केली, १० कोटी ७० लाख डॉलर देऊन. ब्रिटन आणि न्यूझीलंडनेही त्यात वाटा उचलला.

बोलिव्हिया २४ एप्रिल २०१३ ला गेला. तह रद्द करा असं त्यांनी म्हटलं नाही, तेवढा शहाणपणा होता. म्हणणं असं की चिलीने शंभर वर्षांत अनेकदा आश्वासनं दिली, पत्रं लिहिली, १९७५ मध्ये तर पिनोशे आणि बान्सेर या दोन हुकूमशहांनी किनारपट्टीच्या एका चिंचोळ्या वाटेची बोलणीही केली. तेव्हा समुद्रापर्यंत सार्वभौम वाट देण्यासाठी वाटाघाटी करणं चिलीला बंधनकारक आहे. ती वाट बोलण्यातच राहिली, कारण १९२९ च्या तहानुसार तो मुलूख द्यायचा तर पेरूची संमती लागते. १ ऑक्टोबर २०१८ ला निकाल लागला. राष्ट्राध्यक्ष एव्हो मोरालेस स्वतः न्यायालयात हजर होते, ला पाझच्या चौकात लोक पडद्यासमोर जमले होते. १२ विरुद्ध ३ मतांनी बोलिव्हिया हरला. बोलणी करणं वेगळं आणि बोलणी करायला बांधलेलं असणं वेगळं, असा निकालाचा सारांश.

आपल्याला वाटतं की न्यायालयात मोठ्याचं वजन पडतं. इथे उलट झालं. नौरूच्या हातात विश्वस्तपणाचा कागद होता, त्यावर प्रतिपक्षाची सही होती. बोलिव्हियाच्या हातातल्या १९०४ च्या कागदावर त्याची स्वतःचीच सही होती. शिवाय नौरूने मोजता येईल असं नुकसान मागितलं, स्वतःच्या वाट्याचं वजा करून मागितलं. बोलिव्हियाने मागितला एक भूतकाळ. तो कोणतंही न्यायालय देत नाही.

यावरून कोणी म्हणेल की बोलिव्हियाचं सगळं गाऱ्हाणं भावनिक आहे. तसं मात्र नाही. समुद्र नसण्याची किंमत खरीच मोजावी लागते. बंदरातला संप, सीमेवरची रांग, दर टनामागचा जादा खर्च. हा घाव इतका ताजा आहे की २००३ मध्ये नैसर्गिक वायू चिलीच्या बंदरातून निर्यात करायची योजना निघाली तर रस्त्यावर उठाव झाला, साठाहून अधिक माणसं मेली, आणि राष्ट्राध्यक्ष सांचेस दे लोसादा देश सोडून गेले. मागणी अर्थातच वायूवरच्या मालकीचीही होती. पण ठिणगी 'चिली' या शब्दाने पडली. १९९२ मध्ये पेरूने इलो बंदराजवळ पाच किलोमीटरचा एक किनारा वापरायला दिला, ९९ वर्षांसाठी. वाळूवर एक स्मारक उभं राहिलं, बाकी फारसं काही झालं नाही. बोलिव्हियाचं नौदल आहे, आणि ते ३,८०० मीटर उंचीवरच्या तितिकाका सरोवरात आणि नद्यांवर कवायत करतं. परदेशी पाहुणे याचीही थट्टा करतात.

शेवटचा एक धागा. १९८२ च्या समुद्रविषयक करारानुसार किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैलांपर्यंतच्या संपत्तीवर त्या देशाचा हक्क मानला जातो. त्या हिशेबाने २१ चौरस किलोमीटरच्या नौरूचं समुद्रक्षेत्र तीन लाख चौरस किलोमीटरच्या वर जातं, म्हणजे जवळजवळ आपल्या महाराष्ट्राएवढं. तिथे ट्यूना मासा आहे. आसपासच्या बेटांनी १९८२ मध्येच नौरू करार करून एकी केली, आणि आता परक्या बोटींना मासेमारीचे दिवस मोजून विकले जातात, दिवसाला हजारो डॉलर दराने. फॉस्फेटच्या वेळी जे जमलं नाही ते माशांच्या बाबतीत जमलं. कर्टिस बेटावर गेले असते तर हे पाणी त्यांचं नसतं.

त्याच करारात आणखी एक कलम आहे. कोणत्याच देशाच्या हद्दीत न येणारा खोल समुद्रतळ हा साऱ्या मानवजातीचा वारसा, आणि त्याचा लाभ किनारा असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही देशांसाठी. २०२१ च्या जूनमध्ये नौरूने जमैकातल्या समुद्रतळ प्राधिकरणाला नोटीस दिली की आमच्या पुरस्काराखालच्या कंपनीला तिथले धातूंचे गोळे काढायचे आहेत, दोन वर्षांत नियम पुरे करा. जो तळ खणायचं नौरू म्हणतो आहे, त्याच्या मालकीत कायद्याने बोलिव्हियाचाही वाटा आहे. आणि बोलिव्हिया तिकडे उयुनीच्या मिठाखालचं लिथियम कोणाबरोबर काढायचं यावर वर्षानुवर्षं भांडतो आहे. दोन्हीकडचा माल बॅटऱ्यांसाठीच लागणार आहे.

इथे थांबू. प्रश्न बरेच आलेले दिसतात, आधी पेरूबद्दलचे घेऊ.